डीवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला? घरच्या कॉम्प्युटरचा ऑनलाइन बॅकअप असा लावा

दुकानातून जोडून आणलेल्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे दोन-तीन भाग पाडलेले असतात. सीवर विंडोज, डीवर फोटो आणि कागदपत्रं, ईवर जुन्या कॉम्प्युटरमधून उचलून आणलेलं सगळं. विंडोज बिघडलं की दुकानदार सीवर फॉरमॅट मारतो, डीला हात लावत नाही, आणि फाइली शाबूत मिळतात. त्यातून घरोघरी एक समज पक्का झाला आहे: डीवर टाकलं की बॅकअप झाला. विंडोज बिघडण्यापुरतं ते बरोबर आहे. डिस्क बिघडली की मात्र सी, डी, ई तिन्ही एकदम जातात. घर एकच, दारं तेवढी तीन.

ऑनलाइन बॅकअप लावतानाही सगळ्यात मोठा घोळ या डीपाशीच होतो. अनेक सेवा स्वतःहून फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी सीवरची ठरावीक फोल्डरं धरतात. आपला संसार डीवर. हिरवी खूण दिसते, ‘बॅकअप पूर्ण’ असा संदेश येतो, आणि मुलीच्या बारशाचे फोटो कुठेच गेलेले नसतात. खाली जे काही सांगितलं आहे ते विंडोजवाल्या घरासाठी आहे, आणि त्यात डी वारंवार येणार आहे.

सिंक वेगळं, बॅकअप वेगळा

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या मुळात सिंकच्या सेवा. कॉम्प्युटरवरचं फोल्डर आणि इंटरनेटवरचं फोल्डर सारखं ठेवणं हे त्यांचं काम. त्यामुळे इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते. ती काही दिवस कचरापेटीत थांबते: गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस, वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात ३० दिवस, ड्रॉपबॉक्सच्या फुकट आणि प्लस योजनांतही ३० दिवस. मार्चमध्ये चुकून पुसलेलं फोल्डर जुलैत रिटर्न भरताना आठवलं, तर ते तोवर तिथूनही गेलेलं असतं.

खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर हेच आणखी वेगानं होतं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवण्याच्या नादात घरगुती कॉम्प्युटरवर हा प्रकार सर्रास होतो. फाइली कुलूपबंद झाल्या की सिंक त्या बदललेल्या फाइली इमानेइतबारे वर चढवतं. सिंकसेवांमध्येही जुन्या आवृत्त्या असतात, पण मुदतीत, आणि हजारो फाइली मागच्या तारखेला नेण्याची एकत्र सोय बहुधा पैसे भरणाऱ्यांनाच.

बॅकअपची सेवा एकाच दिशेनं चालते. घरून फाइल वर जाते, आणि घरची फाइल बदलली किंवा पुसली तरी वरची जुनी प्रत ठरलेल्या काळापर्यंत राहते. बॅकब्लेझ दर कॉम्प्युटरमागे एका योजनेचे पैसे घेतं, जागेला मर्यादा घालत नाही, आणि वर्षभराच्या जुन्या आवृत्त्या ठेवतं. आयड्राइव्ह जागा मोजून देतं, पण एका खात्यात कितीही कॉम्प्युटर आणि मोबाइल चालतात. तिथे प्रत्येक फाइलच्या ३० पर्यंत मागच्या आवृत्त्या राहतात, आणि घरी पुसलेली फाइल तुम्ही स्वतः सफाई चालवेपर्यंत तशीच असते. एकच कॉम्प्युटर आणि भरपूर फोटो असतील तर पहिली पद्धत सोयीची. घरात तीन लॅपटॉप असतील तर दुसरी.

सगळा ऐवज ५०-१०० जीबीच्या आत असेल आणि गूगलचे किंवा मायक्रोसॉफ्टचे पैसे आधीच भरत असाल, तर नवी सेवा घेतलीच पाहिजे असं नाही. सिंक चालू ठेवा आणि महिन्यातून एकदा सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये ‘ॲड फोल्डर’ म्हणून डीवरचं फोल्डर जोडता येतं. वनड्राइव्ह मात्र स्वतःच्या फोल्डरच्या बाहेरचं काही धरत नाही, त्यामुळे डीवरच्या वस्तू आधी तिथे हलवाव्या लागतात. फुकट जागेवर फार भिस्त नको. गूगलचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजवर चढवलेले कमी दर्जाचे फोटोसुद्धा त्यातच मोजले जातात. वनड्राइव्हचे फुकट ५ जीबी तर एका लग्नाच्या व्हिडिओतच संपतात.

ऑनलाइन घेतलं म्हणून घरातली डिस्क टाकून द्यायची नाही. सेवा बंदही पडतात: क्रॅशप्लॅननं घरगुती ग्राहकांची सेवा बंद करत असल्याचं ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर केलं, ॲमेझॉन ड्राइव्ह ३१ डिसेंबर २०२३ ला बंद झाला. ग्राहकांना वेळ मिळाला, पण सगळं दुसरीकडे नव्यानं चढवावं लागलं. उलट बाजूनं, नुसती घरातली डिस्कही पुरत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ च्या जुलैत चिपळुणात घरांत पाणी शिरलं, तेव्हा टेबलावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क एकाच पाण्यात होते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत घराबाहेर.

आधी मोजा

डीवर जाऊन प्रत्येक मोठ्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ‘साइज’ कागदावर लिहून काढा. सिनेमे, गेम, सॉफ्टवेअरच्या सेटअप फाइली यादीतून उडवा; त्या पुन्हा मिळतात. विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स ही फोल्डरं वर चढवून काही उपयोग नसतो, त्यातून प्रोग्रॅम परत उभा राहत नाही. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘मोबाइल फोटो’, ‘मोबाइल फोटो नवीन’ ही मालिका प्रत्येक घरात असते. ती आत्ताच निवडत बसलात तर बॅकअप दिवाळीपर्यंत सुरू होणार नाही. जागेला मर्यादा नसेल तर सगळं तसंच चढू द्या, निवडणं मागाहून.

आता वेग. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा मोठा आकडा सोडून अपलोडचा बघायचा. एमबीपीएसमधल्या त्या आकड्याला ०.४५ नं गुणलं की तासाला किती जीबी चढतील ते कळतं, प्रत्यक्षात ०.४ धरा. समजा तुमची यादी १८० जीबीची झाली. अपलोड ४० असेल तर तासाला १६ जीबी, म्हणजे १८० जीबीला सव्वाअकरा तास. अपलोड ५ असेल तर त्याच १८० जीबीला ९० तास, रोज सहा तास कॉम्प्युटर चालू ठेवला तर पंधरा दिवस. लहान लहान फाइली हजारोंनी असतील तर याहून वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलमागे सेवेशी वेगळी देवघेव होते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करू नका. रोजच्या २ जीबी डेटावर १८० जीबी चढवायला तीन महिने लागतील आणि तोवर घरातल्या कुणाचंही नेट चालणार नाही.

पहिला बॅकअप शक्यतो वायरनं करा, राउटरला लॅन केबल लावून. लॅपटॉप असेल तर पॉवरच्या सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना स्लीप ‘नेव्हर’ करा आणि झाकण बंद केल्यावर ‘डू नथिंग’. स्क्रीन बंद झाली तरी चालते. वीज जायची सवय असलेल्या गावात राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावून घ्या. वीज गेल्यानं आधी चढलेलं वाया जात नाही, सेवा बहुधा तिथूनच पुढे सुरू करते, पण अर्धवट राहिलेली मोठी फाइल काही वेळा पहिल्यापासून जाते.

अपलोडची मर्यादा ७०-८० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण वेग दिला तर घरातलं डाउनलोडही रखडतं, कारण डाउनलोड करताना ‘मिळालं’ अशी पोच सतत वर जावी लागते आणि ती रांगेत अडकते. मग मुलाच्या ऑनलाइन तासाला चित्र थिजतं आणि कुणीतरी वैतागून बॅकअपच बंद करून टाकतं. तो पुन्हा सुरू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

जे साधं चढवून चालत नाही

टॅली. घरून हिशेब लिहिणाऱ्यांचा सगळा जीव टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये असतो. टॅलीप्राइममध्ये ते न बदलता ठेवलं असेल तर सीवर यूझर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या वाटेवर. आत प्रत्येक कंपनीचं आकड्याच्या नावाचं फोल्डर. यातल्या फाइली एकमेकींना धरून असतात. टॅली चालू असताना सेवेनं त्या उचलल्या तर काही फाइली नोंदीच्या आधीच्या आणि काही नंतरच्या जातात, आणि परत आणल्यावर कंपनी उघडताना एरर येते. म्हणून काम संपल्यावर टॅलीचा स्वतःचा बॅकअप घ्यायचा: ऑल्ट धरून वाय, बॅकअप, कुठे ठेवायचा ती जागा, कंपनी निवडायची, एंटर. जागा म्हणून डीवर ‘टॅली बॅकअप’ असं फोल्डर करा आणि आत दर महिन्याचं वेगळं फोल्डर. ऑनलाइन सेवेला ‘टॅली बॅकअप’ दाखवा. अशानं महिन्यापूर्वीचा हिशेबही जसाच्या तसा उघडता येतो.

श्रीलिपी, शिवाजी आणि त्या पिढीतले फॉन्ट. छपाईचं काम केलेल्या, मासिकं काढलेल्या, संस्थांची पत्रं टाइप केलेल्या घरांत वीस-वीस वर्षांच्या फाइली या फॉन्टमध्ये असतात. युनिकोडच्या आधीच्या या फॉन्टमध्ये फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात, आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. फाइल परत आली आणि फॉन्ट नाही, तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. मजकूर गेलेला नसतो, वाचण्याचा चष्मा गेलेला असतो. फॉन्ट असतात सीवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, आणि विंडोजचं फोल्डर आपण वगळलेलं. तेव्हा फॉन्ट्स उघडा, लागणारे फॉन्ट निवडून कॉपी करा आणि त्या कामाच्या फोल्डरातच ‘फॉन्ट’ नावानं ठेवा. फक्त स्वतःच्या लॉगिनपुरता बसवलेला फॉन्ट तिथे नसून यूझरच्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये असतो. लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशी त्याची वाट. महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफही काढून ठेवा, तीत फॉन्ट आतच बसवला जातो. पीडीएफ दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. याच कॉम्प्युटरवर ती दिसणारच.

आउटलुकची पीएसटी फाइल. सगळा मेल एकाच फाइलीत, कित्येकदा दहा जीबीच्या वर, आणि एक मेल आला तरी फाइल बदलली. चांगली सेवा बदललेला तुकडाच चढवते, तरी आउटलुक उघडं असताना फाइल अडून राहते आणि दिवसेंदिवस वगळली जाते. बॅकअपची वेळ आउटलुक बंद असेल अशी ठेवा.

वनड्राइव्हच्या पोकळ फाइली. विंडोज ११ मध्ये बऱ्याचदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स नकळत वनड्राइव्हमध्ये गेलेले असतात. फाइलीच्या नावाशेजारी ढगाचं चित्र असेल तर ती फाइल डिस्कवर नाहीच, फक्त पाटी आहे. दुसरी बॅकअप सेवा अशी फाइल वगळते किंवा खाली उतरवत बसते. जे खरोखर हवं आहे त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा. ढग जाऊन भरीव हिरवी खूण आली की मग बॅकअप लावा.

मराठी नावं. विंडोजवर पूर्ण वाट, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या नावापर्यंतची सगळी नावं मिळून, साधारण २६० अक्षरांपर्यंत चालते. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सवर, आणि घरच्या राउटरला जोडायचे स्टोरेज डबे आतून बहुधा लिनक्सच असतात, एका नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, मात्रा आणि अनुस्वार तीन-तीन बाइट खातो, म्हणजे ८५ चिन्हं. ‘आजोबांच्या पंचाहत्तरीनिमित्त नाशिकच्या घरी झालेल्या कार्यक्रमाचे सर्व फोटो आणि व्हिडिओ’ हे नाव काना-मात्रा, जोडाक्षरं धरून २४० बाइटांचं होतं, म्हणजे त्यात कसंबसं मावतं. नावही गुप्त करणाऱ्या काही पद्धतींत हीच मर्यादा १४३ बाइटांवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं, आणि तिथे ते अडतं. एरर येते ती ‘फाइल वगळली’ एवढीच. नावं आखूड ठेवा, तारीख पुढे: २०२४-०५ नाशिक.

लावताना

खातं घरच्या ईमेलवर उघडा, ऑफिसच्या नको. नोकरी सुटली की तो मेल जातो आणि पासवर्ड बदलण्याची वाटही. प्रोग्रॅम सेवेच्याच साइटवरून उतरवा. पहिल्या स्क्रीनवर तो ‘तुमच्या महत्त्वाच्या फाइली आम्ही निवडल्या आहेत’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. तिथे ‘नेक्स्ट’ दाबायचं नाही. निवडीची यादी उघडा आणि डी, ई आहेत का ते बघा. आयड्राइव्हसारख्या सेवेत फोल्डरं हातानं घालावी लागतात. बॅकब्लेझची रीत उलटी: ते कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्क धरतं आणि काही प्रकार वगळतं. वगळण्याच्या यादीत आयएसओ, ईएक्सई अशा फाइली पहिल्यापासूनच असतात, तेव्हा जुन्या सीडींच्या प्रती आयएसओ म्हणून जपल्या असतील तर ती ओळ काढून टाका.

फोल्डर धरताना एकेक आतलं फोल्डर टिकमार्क करत बसू नका. वरचंच धरा, डी ड्राइव्हच पूर्ण, आणि नको ते वगळा. आतली निवडलेली असतील तर उद्या डीवर तयार केलेलं नवं फोल्डर यादीत येत नाही, आणि ते कुणाला कळतही नाही.

पहिल्या फेरीत मात्र क्रम ठेवा. आधी कागदपत्रं आणि टॅली, ते तासाभरात वर जातात. मग फोटो. व्हिडिओ शेवटी. पंधरा दिवसांच्या अपलोडमध्ये बाराव्या दिवशी डिस्क गेली तर निदान काय वाचलं असेल हे आपल्या हातात राहतं.

वेळापत्रक रात्री दोनचं देऊ नका. घरचा कॉम्प्युटर तेव्हा बंद असतो, आणि चुकलेली फेरी दुसऱ्या दिवशी आपोआप होईलच असं नाही. रात्री नऊ बरी, नाहीतर ‘सतत’. फेरी चुकली तर ईमेल यावा अशी सोय असेल ती चालू करा आणि ती मेल स्पॅममध्ये जात नाही ना ते बघा.

चावी

वर गेलेल्या फाइली कुलपात असतात, प्रश्न चावी कुणाकडे हा. साध्या व्यवस्थेत चावी कंपनीकडे असते. पासवर्ड विसरलात तर मेलवरून नवा मिळतो. खासगी चावी निवडली तर ती तुमच्याकडेच, आणि हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही. नुसते फोटो असतील तर साधी व्यवस्था पुरे. आधार-पॅनच्या प्रती, बँकेचे कागद, मृत्युपत्राचा मसुदा, दुसऱ्यांचे हिशेब असतील तर खासगी चावी घ्या. हा निर्णय खातं उघडतानाच घ्यावा लागतो असं धरून चाला. मागाहून बदलायचं तर बऱ्याच ठिकाणी सगळं नव्यानं चढवावं लागतं.

चावी म्हणून मराठी वाक्य रोमन लिपीत टाइप करण्याची पद्धत चांगली आहे, लक्षात राहतं आणि दुसऱ्याला सुचत नाही. अडतं ते स्पेलिंगवर. ‘वाडीतली विहीर’ लिहिताना व साठी व्ही की डब्ल्यू? ई साठी एकदा आय की दोनदा ई? तीन वर्षांनी, नव्या लॅपटॉपसमोर, घाईत, यातलं काहीच आठवत नाही. वाक्य आठवतं आणि कुलूप उघडत नाही. देवनागरीतच टाइप करणं त्याहून वाईट, कारण वेगवेगळे कीबोर्ड एकच अक्षर वेगळ्या संकेतांनी उमटवू शकतात. तेव्हा रोमनमध्ये एकेक अक्षर सुटं, लहान-मोठं स्पष्ट कळेल असं कागदावर लिहा. दोन कागद: एक घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत, एक दुसऱ्या गावच्या भावा-बहिणीकडे. चावी त्याच कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये ठेवणं म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेणं.

दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, पण ते नुसत्या मोबाइल नंबरवर ठेवू नका. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही आणि त्यात शिल्लकही नसली तर बंद होऊ शकतो, आणि परदेशी गेलेल्या मुलाच्या नावावर खातं असेल तर हेच घडतं. लॉगिनचा आकडा मोबाइलवरच तयार करून देणारं ऑथेंटिकेटर ॲप लावा, आणि मोबाइल हाताशी नसताना वापरायचे बॅकअप कोड छापून घ्या. गूगल असे दहा कोड देतं, आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. तो कागदही चावीच्याच फाइलीत.

पैसे

परदेशी सेवेचं नूतनीकरण आपोआप होईल असं गृहीत धरू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरच्या आवर्ती रकमेसाठी आधी ई-मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, नोंदवावं लागतं, आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँक सूचना पाठवते. बाहेरच्या सगळ्याच कंपन्या यात बसत नाहीत. शिवाय कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतील, आणि नव्या कार्डावर ते बंदच येतात, तर पैसे जातच नाहीत. सेवा दोन-चार मेल पाठवते, मग काही आठवड्यांनी वरचा डेटा पुसते. वर्षाचे पैसे एकदम भरा, मुदतीच्या पंधरा दिवस आधीची आठवण मोबाइलवर लावा, आणि त्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून हातानं भरा. डॉलरच्या किमतीवर कर आणि बँकेचं चलनबदलाचं शुल्क चढतं ते हिशेबात धरा.

फुकट खातं असेल तर वेगळा धोका. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल पुसू शकतं. फक्त बॅकअपसाठी उघडलेल्या खात्यात अधूनमधून लॉगिन करत राहा.

परत आणून बघा

पहिली फेरी पूर्ण झाल्यावर त्याच आठवड्यात चार फाइली परत उतरवा, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर: एक जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, आतल्या आतल्या फोल्डरमधली मराठी नावाची एक फाइल, आणि टॅलीचा एक बॅकअप. चारही उघडून बघा. टॅलीचा बॅकअप रिस्टोअर करून कंपनीत जाऊन शेवटची नोंद वाचा. मग एक वर्ड फाइल मुद्दाम बदला, दुसऱ्या दिवशी तिची आदल्या दिवशीची आवृत्ती मागवा. ती मिळाली तरच हा बॅकअप, नाहीतर सिंकच.

उतरवताना मूळ जागा निवडू नका, नव्या फोल्डरात घ्या, म्हणजे चांगल्या फाइलीवर जुनी बसणार नाही. सेवा बहुधा झिप देते. ती डीच्या अगदी वर, एका अक्षराच्या नावाच्या फोल्डरात सोडवा. डाउनलोड्सच्या आत सोडवली तर वाट २६० अक्षरांच्या पुढे जाते आणि काही फाइली निघतच नाहीत. जुन्या अनझिप प्रोग्रॅमात मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, सेव्हन-झिप वापरा.

सगळंच परत आणायची वेळ आली तर आधी कपाटातली डिस्क काढा. यूएसबी डिस्कवरून १८० जीबी तासाभरात येतात, वर चढवायला लागलेला वेळ आठवा. ती डिस्क महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करून काढून ठेवायची. कायम जोडलेली डिस्क व्हायरसच्याही तावडीत येते आणि पावसाळ्यात विजेच्या लोटाच्याही. व्हायरसचा संशय आला तर सगळ्यात आधी नेटची वायर काढा, मग मोबाइलवरून सेवेच्या साइटवर जाऊन बघा की लागण होण्याआधीच्या तारखेच्या आवृत्त्या आहेत ना. त्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्यानं टाकल्याशिवाय काहीही परत उतरवू नका.

दर महिन्याला प्रोग्रॅम उघडून शेवटच्या बॅकअपची तारीख आणि एकूण जीबी बघा. आकडा कागदावरच्या मापाशी जुळला पाहिजे. ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी वर्षअखेर असते, तेव्हा टॅली बंद करतानाच चार फाइलींची चाचणी पुन्हा घेणं सोपं पडतं.

नवा कॉम्प्युटर आला की घाईनं जुन्याचं खातं काढू नका. आधी नव्यावर फाइली उतरवा, मग प्रोग्रॅम बसवा. जुना बॅकअप नव्या यंत्राच्या नावे घेण्याची सोय बऱ्याच सेवांत असते; बॅकब्लेझमध्ये तिला ‘इनहेरिट बॅकअप स्टेट’ म्हणतात. ती वापरली तर १८० जीबी पुन्हा चढवावे लागत नाहीत. मात्र नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एकटा सीच असतो, आणि डीवरची फोल्डरं उतरतात सीवर. निवडीची यादी पुन्हा उघडा, आणि त्यात अजून डीचंच नाव उभं आहे का ते बघा.